वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा
मोबाइल-इंटरनेटचे नियम कोण ठरवतं आणि त्यात आपलं मत कुठं पोचतं?



आधी एक हिशोब करू. गटाच्या सचिव ताईंना वही काढायला सांगा. मोबाइलचा नेहमीचा पॅक २८ दिवसांचा. वर्षाचे दिवस ३६५. अठ्ठावीस गुणिले तेरा किती? ३६४. म्हणजे वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा! पॅक ३०० रुपयांचा धरला तर हा वरचा तेरावा रिचार्ज ३०० रुपयांचा. ज्या गटात महिन्याला १०० रुपये बचत आहे, तिथं ही एका ताईची तीन महिन्यांची बचत झाली. दहा जणींच्या गटाचे ३,००० रुपये. घरात दोन मोबाइल असले तर त्याच्या दुप्पट. अधिक महिना तरी तीन वर्षांनी एकदा येतो, मोबाइलचा तेरावा महिना मात्र दरवर्षी न चुकता येतो.

ही गोष्ट देशभरातल्या ग्राहकांच्या लक्षात आली आणि त्यांनी तक्रारी केल्या. त्यावर २०२१ मध्ये सरकारी पातळीवर लोकांची आणि कंपन्यांची मतं मागवली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये आदेश निघाला. प्रत्येक कंपनीने आपल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पॅकमध्ये किमान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि किमान एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा ठेवलाच पाहिजे. म्हणजे ५ तारखेला भरला तर पुढच्या महिन्याच्या ५ तारखेलाच पुन्हा भरायचा.

आता खरं सांगा, आपल्यापैकी किती जणींना हे माहीत होतं? दुकानात गेलं की दुकानदार विचारतो, "तोच मारू का?" आपण म्हणतो, "मार बाबा." तोच म्हणजे २८ दिवसांचा.

एक सावधगिरी मात्र ठेवा. ३० दिवसांचा पॅक म्हणजे स्वस्तच, असं नाही. नियमाने दिवस ठरवले, किंमत नाही ठरवली. म्हणून पॅकच्या रकमेला दिवसांनी भागायचं. २८ दिवसांचा पॅक ३०० रुपयांना असेल तर रोजचे पावणेअकराच्या आसपास रुपये पडतात. ३० दिवसांचा ३१५ ला मिळाला तर रोजचे साडेदहा, तो परवडला. पण तोच ३३० ला असेल तर रोजचे अकरा, मग जुनाच बरा. कर्जावरचं व्याज आपण शेकड्याने काढतो, तसाच हा हिशोब आहे, अवघड काही नाही. आणि दोन्ही पॅकमध्ये रोजचा डेटा सारखाच आहे ना, तेही बघून घ्या.

हे ठरवतं कोण?

दिल्लीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण आहे. नाव लांबलचक, म्हणून सगळे 'ट्राय' म्हणतात. १९९७ च्या कायद्याने हे प्राधिकरण स्थापन झालं. फोन आणि इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांनी कसं वागायचं, याचे नियम ते करतं. पॅक कितीला विकायचा, हे साधारणपणे कंपन्या स्वतःच ठरवतात. त्यामुळे जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एका पाठोपाठ एक दर वाढवले, तेव्हा ट्रायने ते थांबवले नाहीत. मला विचाराल तर ग्राहकाची खरी अडचण इथंच आहे. पण दराच्या आजूबाजूचे नियम, म्हणजे किती दिवसांचा पॅक ठेवायचा, ग्राहकाला काय सांगायचं, कुणात भेदभाव करायचा नाही, हे ट्रायच्या हातात आहे.

नियम करायच्या आधी ट्राय एक चर्चापत्र काढतं. त्यात विषय समजावून सांगितलेला असतो, शेवटी प्रश्न असतात आणि मत पाठवायची शेवटची तारीख असते. मत कुणीही पाठवू शकतं. कंपनी, वकील, कॉलेजचा पोरगा, आपला ग्रामसंघ, कुणीही. आलेली मतं ट्राय आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला ठेवतं. मग दुसऱ्यांची मतं वाचून त्यावर उलट मत द्यायलाही वेळ मिळतो. त्यानंतर खुली चर्चा होते आणि मग नियम किंवा शिफारस निघते. ग्रामसभेसारखंच आहे म्हणा की. फरक एवढाच की ग्रामसभेचा फळा चावडीवर लागतो, आणि हा फळा दिल्लीत, तोही बहुतेक वेळा इंग्रजीत.

या फळ्यावर एकदा लाखो लोकांनी आपलं मत लिहिलं होतं. त्याची गोष्ट सांगते, कारण त्यात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं नाव घेऊन बरंच काही बोललं गेलं.

फुकटच्या इंटरनेटची गोष्ट

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेल कंपनीने जाहीर केलं की इंटरनेटवरून कॉल करायचे असतील तर त्याला वेगळे पैसे पडतील. आपण डेटाचे पैसे तर आधीच भरलेले असतात. त्याच डेटातून कॉल केला तर पुन्हा वेगळे पैसे का, असं लोक विचारू लागले. गदारोळ झाला आणि कंपनीने तो बेत मागे घेतला. विचार करा, तो बेत टिकला असता तर आज पुण्याला कामाला गेलेल्या लेकराचं तोंड व्हिडिओ कॉलवर बघायला वेगळा पॅक मारावा लागला असता.

मार्च २०१५ मध्ये ट्रायने याच विषयावर चर्चापत्र काढलं. पानं ११८, प्रश्न २०, सगळं इंग्रजीत. मत द्यायची शेवटची तारीख २४ एप्रिल. एवढं कोण वाचणार? पण काही तरुण मंडळी एकत्र आली. त्यांनी त्या ११८ पानांचा अर्थ सोप्या भाषेत लिहून काढला, उत्तरं कशी द्यायची ते सांगितलं. मुंबईच्या काही विनोदी कलाकारांनी त्यावर व्हिडिओ केला, तो घराघरांतल्या मोबाइलवर फिरला. महिनाभरात ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले.

भांडण कशाचं होतं, ते आपल्या भाषेत बघू. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शेतात येतं, त्यांना पाणीपट्टी माहीत आहे. उसाला वेगळी, गव्हाला वेगळी. पाणी तेच, कालवा तोच, पण पीक बघून दर लागतो. घरातल्या विजेचं तसं नाही. मीटर युनिट मोजतं. त्या युनिटवर पंखा फिरवला की मिक्सर, मीटरला काही देणंघेणं नसतं. पंख्याच्या अमुक कंपनीने वीज मंडळाला पैसे दिले म्हणून तिचा पंखा फुकट फिरतो आणि दुसरीच्या पंख्याला बिल येतं, असं कधी होत नाही.

इंटरनेट कालव्यासारखं चालवायचं की मीटरसारखं, हा तो वाद होता. मीटरसारखं चालावं, या म्हणण्याला 'नेट न्यूट्रॅलिटी' किंवा इंटरनेट समानता म्हणतात. उसाला जास्त पट्टी लावण्यामागं कारण आहे, तो पाणीच जास्त पितो. पण इंटरनेटवर जास्त डेटा प्यायला तर पॅक आपोआप लवकर संपतोच. वर पुन्हा 'पीक' बघून दर लावण्याचं कारण काय?

त्याच सुमारास फेसबुक कंपनीने एक योजना आणली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मोबाइलवर ती सुरू झाली, आणि पहिल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. पुढे तिचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. डेटाचे पैसे नसले तरी ठराविक संकेतस्थळं फुकट बघता येतील, अशी ती योजना होती. हवामान, नोकरी, आरोग्य, बातम्या आणि फेसबुक. यादीत काय असावं याच्या अटी फेसबुकने ठरवलेल्या. यादीबाहेर पाऊल टाकलं की पैसे.

२८ डिसेंबर २०१५ ला फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. गणेश फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवीन पिकात पैसे घालतोय, आणि याने कुणाचं काय बिघडतं, असा त्यांचा सवाल. पानभर जाहिराती आल्या, शहरांत मोठाले फलक लागले.

हा सवाल खोटा नव्हता, हे आधी मान्य करू. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं फुकट मिळालं तर वाईट काय? उपाशी माणसाला अर्धी भाकर देणाऱ्याला नाव कसं ठेवायचं? आपल्यातल्या बऱ्याच जणींना हेच पटेल, आणि त्यात चूक काही नाही.

पण दुसरी बाजू बघा. समजा एका गटाने हळद पावडर करून विकायला घेतली. मोबाइलवर त्याचं छोटंसं पान केलं, फोटो टाकले, भाव टाकला. हिंगोलीची हळद म्हटल्यावर गिऱ्हाईक मिळायला हरकत नाही. पण गिऱ्हाईकाच्या फोनवर मोठ्या कंपनीचं दुकान फुकट उघडतं आणि आपल्या गटाचं पान उघडायला डेटा जळतो. मग तो कुठं जाईल? आपण त्या फुकटच्या यादीत जायचं तर अर्ज कुणाकडे करायचा? अमेरिकेतल्या कंपनीकडे. आणि बाजारभाव बघायचा तर एकाच ठिकाणचा का बघायचा? हिंगोलीचा भाव बघायचा, वसमतचा बघायचा, नांदेडचा बघायचा, सांगलीचा बघायचा, मग ठरवायचं. यादीत एकच जागा असली तर भाव तोच, जो ती जागा दाखवील. आज भाकर फुकट देणारा उद्या म्हणाला की दुकान फक्त माझंच, तर? माझं स्वतःचं मत या दुसऱ्या बाजूचं आहे.

लाखो मतं, पण मोजली कशी?

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने याच मुद्द्यावर दुसरं चर्चापत्र काढलं. इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळा दर लावू द्यावा का? या वेळी प्रश्न फक्त चार होते.

फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांच्या पडद्यावर एक संदेश आणला. फ्री बेसिक्स वाचवा, इथं बटण दाबा, तुमच्या नावाने ट्रायला पत्र जाईल. लोकांनी धडाधड बटणं दाबली. कित्येकांना आपण नेमकं कशाला हो म्हटलं तेही कळलं नसेल. शेवटी ट्रायकडे सुमारे २४ लाख मतं जमली आणि त्यातली १८ लाखांहून जास्त फ्री बेसिक्सच्या बाजूने होती.

मतदान असतं तर निकाल लागलाच होता. पण हे मतदान नव्हतं. ट्रायने म्हटलं की या तयार पत्रांत आम्ही विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत. आम्ही विचारलं होतं की वेगळे दर असावेत का आणि का, आणि पत्रात लिहिलंय की फ्री बेसिक्स चांगलं आहे. फेसबुकला पाठवलेल्या पत्रात ट्रायने बरेच कडक शब्द वापरले. आम्ही प्रश्न विचारून केलेली चर्चा तुम्ही नुसती डोकी मोजण्यावर आणून ठेवली, असा त्याचा अर्थ होता.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी नियम जाहीर केला. इंटरनेटवर काय बघता, यावरून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. नियम मोडला तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. पूर, भूकंप अशा संकटाच्या वेळी मदतीच्या सेवा स्वस्त किंवा फुकट देता येतात, तेवढी सूट ठेवली. तीनच दिवसांनी फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स बंद केलं. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट समानतेची तत्त्वं मान्य केली. कुठलीही साइट मुद्दाम हळू करायची नाही, कुठलीही मुद्दाम जोरात पळवायची नाही.

एक कबूल केलं पाहिजे. ट्रायने नियम केला म्हणून गरिबाच्या हातात इंटरनेट आलं नाही. ते आलं सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ सुरू झाल्यावर डेटाचे भाव कोसळले तेव्हा. पण भाव कोसळले तेव्हा आपल्या हातात आलं ते सगळं इंटरनेट, कुणीतरी निवडून दिलेली यादी नव्हे. तेवढं त्या नियमाने राखलं.

या सगळ्यात मला एक गोष्ट मात्र खटकते. दोन्ही बाजू खेड्यातल्या माणसाचं नाव घेत होत्या. एक बाजू म्हणे गरिबाला फुकट द्या, दुसरी म्हणे गरिबाला अर्धवट देऊ नका. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं. पण त्या शेतकऱ्याच्या बायकोला मोबाइल कशाला लागतो, रिचार्ज कोण मारतं, रात्री फोन कुणाच्या हातात असतो, हे लिहून पाठवणाऱ्या बायका त्या लाखांत किती होत्या? आपल्याबद्दल बोलणं झालं, आपलं बोलणं झालं नाही.

बटणाचा फोन असणाऱ्यांसाठी

याच वाटेने झालेला आणखी एक बदल आहे आणि तो आपल्या घरात थेट उपयोगाचा आहे. सासूबाईंकडे, आईकडे बटणाचा साधा फोन असतो. त्यावर इंटरनेट चालतच नाही. तरी रिचार्ज मात्र डेटासकट मारावा लागायचा. जेवायचं नाही तरी ताटाचे पैसे द्यायचे, असला प्रकार. जुलै २०२४ मध्ये ट्रायने यावर मतं मागवली आणि २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम काढला. फक्त बोलणं आणि एसएमएस एवढाच असलेला पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी असे पॅक आणले.

हे पॅक दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. विचारायचं, "बिगर नेटचा, नुसता बोलायचा पॅक कोणता हाय?" एकदम तीन महिन्यांचा किंवा वर्षाचा पैसा घालायला जमत नसेल, तर गटातून छोटं अंतर्गत कर्ज घेऊन वर्षाचा मारणं स्वस्त पडतं का, हे वर सांगितल्यासारखं दिवसांनी भागून बघा. दर सारखे बदलत असतात म्हणून इथं आकडे देत नाही. ट्रायच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचे दर एका ठिकाणी बघायला मिळतात. बँक सखी किंवा कॉलेजात जाणारी लेक ते उघडून दाखवू शकेल.

आपण मत पाठवायचं तर कसं?

तयार पत्रावर अंगठा उठवायचा नाही, ही पहिली गोष्ट. २०१५ च्या डिसेंबरात काय झालं ते आपण पाहिलं. 'रिचार्ज स्वस्त करा' असं शंभर गटांनी एकसारखं लिहिलं तरी त्याचं वजन एका पत्राइतकंच. त्यापेक्षा एका गटाने आपला खरा हिशोब लिहिला तर वाचणाऱ्याला थांबावं लागतं. उदाहरणादाखल असं :

"आम्ही औंढा नागनाथ तालुक्यातल्या महिला बचत गटाच्या सदस्या आहोत. गटात इतक्या जणी आहेत. इतक्या जणींकडे स्वतःचा फोन आहे, बाकीच्या घरच्यांचा वापरतात. वर्षभरात आम्ही रिचार्जवर इतका खर्च केला, तो आमच्या वर्षाच्या बचतीच्या इतका भाग होतो. मजुरी आठवड्याला मिळते, म्हणून एकदम मोठा पॅक घेता येत नाही आणि छोटा पॅक दिवसाला महाग पडतो. पॅक संपला की गटाचे संदेश आणि मुलांचा अभ्यास दोन्ही थांबतात. म्हणून तुमच्या अमुक क्रमांकाच्या प्रश्नावर आमचं मत असं आहे..."

यातला मजुरीचा मुद्दा दिल्लीत बसून कुणाला सुचणार नाही. तो आपल्यालाच माहीत आहे. आणि शेवटचं वाक्य विसरू नका, त्यांच्या कोणत्या प्रश्नाचं हे उत्तर आहे ते लिहायचंच. गटाच्या बैठकीत चर्चा करून ठराव घ्या, इतिवृत्तात नोंद करा, मग ग्रामसंघाच्या नावाने पाठवा. कुठं पाठवायचं तो ईमेल पत्ता प्रत्येक चर्चापत्रात दिलेला असतो, दरवेळी तोच असतो असं नाही.

पाठवताना एक जपा. ही मतं जाहीर होतात. २०१५ मध्ये ट्रायने आलेले ते दहा लाख ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले होते आणि लोक चांगलेच वैतागले होते. म्हणून आधार क्रमांक, बँक खातं, सदस्यांचे मोबाइल नंबर यातलं काहीही मताच्या पत्रात घालू नका. गटाचं नाव आणि गाव पुरे.

"बाई, असं मत लिहिलं म्हणून पोलीस घरी येतील का?" हा प्रश्न बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच, आणि तो उगीच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर आपलं मत लिहिलं आणि दुसरीने ते आवडल्याची खूण केली, एवढंच. पुढे तो खटला बंद झाला. ज्या कलमाखाली अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. याचा अर्थ काहीही लिहिलं तरी चालतं, असा नाही. कुणाची बदनामी, धमकी, दोन समाजांत तेढ लावणारं लिखाण, यांना दुसरे कायदे आहेतच. पण सरकारी संस्थेने मागितलेलं मत देणं, नियम चुकीचा वाटतो असं सभ्य शब्दांत सांगणं, हा आपला हक्क आहे.

मत वेगळं, तक्रार वेगळी

पैसे कापले गेले, न मागता कसली तरी सेवा सुरू झाली, पॅक मारूनही चालू झाला नाही, यासाठी ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही. एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करायचा आणि तक्रार क्रमांक मागून घ्यायचा. क्रमांक नाही तर तक्रार नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तिथं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. आणि मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे.

ट्रायचं नाव सांगून फसवणारेही फिरताहेत. "ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, नऊ दाबा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ट्राय कुणालाही असा फोन करत नाही, नंबर बंद करायची धमकी देत नाही. "ट्रायकडून सर्वांना मोफत रिचार्ज" असले संदेशही खोटे असतात, ते पुढं पाठवू नका. कुणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

इंटरनेटच्या दराचा विषय संपलेला नाही. जुलै २०२३ मध्ये ट्रायने पुन्हा चर्चापत्र काढून विचारलं होतं की व्हॉट्सॲपसारख्या सेवांना मोबाइल कंपन्यांसारखे नियम लावावेत का. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं, आमच्या तारांवरून हे लोक धंदा करतात तर त्यांनी आम्हाला वाटा द्यावा. तो वाटा शेवटी गिऱ्हाईकाच्याच खिशातून जाईल, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. हे पुन्हा येणार, हे नक्की.

तेव्हा येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या फोनचे मागच्या तीन महिन्यांतले रिचार्ज एका कागदावर लिहून आणा : तारीख, रक्कम, किती दिवसांचा, आणि फोन साधा की टचचा. रिचार्ज घरातल्या कुणी मारला असेल तर त्यांना विचारून लिहा. सीआरपी ताई गटाची एकत्र बेरीज करून ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवतील.